हँडल डावीकडे वळवल्यावर

लालबाग, मुंबई
१८ डिसेंबर २०२४

ती. दादा यास,
सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला, कारण आईने तशी सवय लावून ठेवली आहे. आशीर्वादाची अपेक्षा नाही.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला की तू माझ्या वरचा आवाज काढतोस आणि मग कट करतोस. व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काहीच नाही. हे रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणता येणार नाही.

श्रेयाची जिल्हा कबड्डी संघाची निवड चाचणी गेल्या शनिवार-रविवारी झाली. तिच्या क्लबच्या पाच मुली गेल्या. ती खाटेवर, पाय उशीवर ठेवून, भिंतीकडे तोंड करून पडली होती. डाव्या घोट्यात पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. डॉक्टर म्हणतात, धावायला जून उजाडेल, खेळायचं तेव्हा बघू. सतरा वर्षांची मुलगी, पाच वर्षं रोज साडेपाचला उठून मैदानावर जाणारी. तीन आठवडे ती माझ्याशी बोलत नाही. चहा हवा, पाणी नको, एवढंच. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी म्हणाली की आई, तू ब्रेक मारायच्या ऐवजी रेस दिलीस. ते शेवटचं वाक्य.

सगळेच तेच म्हणाले. चाळीत तळमजल्यापासून तिसऱ्या माळ्यापर्यंत सगळ्यांचं एकमत झालं की बाईच्या हातात मोटरसायकल द्यायलाच नको होती. तू फोनवर म्हणालास की मी घाबरले आणि मूठ पिळली. श्रेयाच्या बाबांना, दीपकना, बोटीवर कळवलं तर त्यांनीही आधी विचारलं की तुझा हात कुठे होता. इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं की मीसुद्धा मानलं. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना मी माझ्या उजव्या हाताकडे बघत बसायचे. ह्याच हाताने केलं म्हणून.

म्हणून गाडी विकायला काढली. रविवारी वरळी कोळीवाड्यातून वैभव नावाचे एक गृहस्थ बघायला आले. त्यांनी गाडी चालू केली, बाहेर काढण्यासाठी हँडल डावीकडे वळवलं आणि इंजिन किंचाळलं. त्यांचा हात मुठीवर नव्हता, दादा. मी समोर उभी होते. त्यांनी हँडल सरळ केलं, इंजिन शांत झालं. पुन्हा डावीकडे वळवलं, पुन्हा तेच. मग त्यांनी मला विचारलं की ताई, ही केबल टाकली कोणी?

त्यांनीच टाकी उचलून मला दाखवलं. रेसची केबल हँडलच्या मानेमागून ऐसपैस वळण घेऊन यायला हवी. ती पुढच्या बाजूने, आखडती आणलेली आहे आणि वर प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेमला आवळलेली. हँडल डावीकडे गेलं की केबल ताणली जाते आणि मूठ कुणी हलवली नाही तरी रेस वाढते.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. मावशीच्या मनूच्या लग्नाला तू आला होतास. शनिवारी परळच्या पुलाखाली माझी केबल तुटली, मी गाडी ढकलत घरी आणली. मी म्हटलं, सोमवारी मेकॅनिककडे टाकते. तू म्हणालास की ह्यात काय आहे, अर्ध्या तासाचं काम. रविवारी दुपारी पटांगणात पेपर पसरून बसलास. गॅलऱ्या भरून लोक बघत होते आणि तू त्यांना भाषण देत होतास. मग संध्याकाळच्या गाडीची घाई झाली. सोमवारी सकाळी मी श्रेयाला मागे बसवून सरावाला नेलं. जाताना सगळा सरळ रस्ता. परत येताना चाळीच्या गेटमध्ये पूर्ण डावीकडे वळले आणि गाडी माझ्या हातातून उडाली. गेटच्या दगडी खांबाच्या आणि गाडीच्या मध्ये तिचा पाय सापडला.

मला तुझी माफी नको. श्रेयाला तुझ्या अक्षरात लिही की चूक कुणाची होती. एवढंच कर.

लोभ किती शिल्लक आहे ते तुझ्या उत्तरावरून समजेल.

रुपाली


कणकवली
२७ डिसेंबर २०२४

चि. रुपाली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनसमोर सही केली, दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. कोर्टाची नोटीस आली की काय, असं एकाने विचारलंही. सख्ख्या भावाला रजिस्टर पत्र पाठवण्याची अक्कल तुला कुणी दिली?

श्रेयाचं झालं त्याचं दुःख मला नाही, असं तुला वाटतं का? मी तिला कडेवर घेऊन गणपती दाखवले आहेत. पण दुःख आहे म्हणून कुणी येऊन माझ्या गळ्यात आरोप अडकवावा, हे मी ऐकून घेणार नाही. मी वीस वर्षं मोटरसायकल चालवतो. ती गाडी दहा वर्षं माझ्याच हाताखाली होती. क्लच वायर, ब्रेक, चेन, सगळं मी घरी केलं. तेव्हा कुणाचा पाय मोडला नाही.

गाडी खांबावर आपटली, आडवी पडली, लोकांनी ओढून बाजूला केली. त्यात केबल इकडची तिकडे झाली नसेल कशावरून? तुझे ते वैभव कोण, कुठले? विकत घ्यायला आलेला माणूस गाडीत खोट काढणारच. त्याचं बोलणं तू देवाचं समजलीस आणि भावाचं खोटं.

आता केबलबद्दल. नवीन केबल कडक असते. हँडल वळवलं की सुरुवातीला रेस थोडी वाढते, चार दिवस गाडी चालली की बसते, हे कुणीही सांगेल. तेवढ्याने गाडी उडत नाही. चालवणाऱ्याने क्लच दाबला असता तर जागच्या जागी थांबली असती. तू क्लच दाबलास का? हे तू पत्रात कुठे लिहिलेलं नाहीस.

खरं सांगायचं तर मी गाव धरताना ती गाडी तुला द्यायलाच नको होती. मीनाक्षी तेव्हाच म्हणाली होती की नणंदबाईंना स्कूटर घेऊ द्या. मी ऐकलं नाही, ही माझी चूक. ती मी कबूल करतो.

आणि आता रागाच्या भरात स्वतः काही उघडायला जाऊ नकोस. टाकी, कार्बोरेटर, पेट्रोल, ही खेळण्याची वस्तू नाही. मेकॅनिकला दे.

श्रेयाला मी काय लिहिणार? मुलीच्या मनात मामाबद्दल विष कालवू नकोस.

बाबांची तब्येत बरी आहे. कळावे. माया पहिल्यासारखी आहे, तुला दिसत नसली तरी.

हितेंद्र


लालबाग
५ जानेवारी २०२५

ती. दादा यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तीन वेळा रागाने आणि चौथ्या वेळी नीट.

तू लिहितोस की नवीन केबल टाकल्यावर हँडल वळवलं की सुरुवातीला रेस थोडी वाढते. हे तुला कसं कळलं? मी तर तुला लिहिलं होतं की इंजिन किंचाळलं. थोडी हा शब्द तुझा आहे. म्हणजे त्या रविवारी तू हँडल वळवलं होतंस, रेस वाढलेली ऐकली होतीस आणि तशीच गाडी मला दिलीस. चार दिवसांत बसेल म्हणून. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी माझ्या मुलीला मागे बसवलं, दादा.

क्लच दाबला का विचारतोस. नाही दाबला. पायाखालची गाडी विनाकारण उसळली तेव्हा मी ब्रेक धरला, समोर खांब होता आणि ते सगळं एका सेकंदात झालं. हे मी श्रेयालाही सांगेन. माझ्या वाट्याचं मी सांगायला तयार आहे. तू तुझ्या वाट्याचं कधी सांगणार?

पडल्यावर केबल सरकली असेल, हेही मी तपासलं. तू उघडू नकोस म्हणालास म्हणून मुद्दाम स्वतः तपासलं. काल दुपारी पटांगणात बसले, जिथे तू बसला होतास तिथेच. दादरहून केबल आणली. दुकानदाराने विचारलं, मेकॅनिक कोण आहे, मी म्हटलं मी आहे. त्याने वर बघितलं आणि मग नीट सांगितलं की जुनी केबल काढण्याआधी तिच्या टोकाला दोरा बांधा, म्हणजे नवीन त्याच वाटेने जाते. पण माझ्या गाडीत वाटच चुकीची होती, दोऱ्याचा काय उपयोग?

सीट काढली, पेट्रोलचा कॉक बंद करून नळी सोडवली, टाकी उचलून पायरीवर ठेवली. हँडलच्या मानेमागे फ्रेमला एक तारेची कडी आहे. केबल तिच्यातून जावी म्हणून कंपनीने ठेवलेली. ती कडी रिकामी होती. तिच्यात धूळ आणि एक कोळ्याचं जाळं होतं. गाडी आपटली, आडवी पडली तर केबल कडीतून उडी मारून बाहेर येते आणि प्लास्टिकच्या पट्टीने स्वतःला पुढे बांधून घेते का? फोटो काढून सोबत ठेवला आहे. पट्टीही लिफाफ्यात आहे. तूच कापली होतीस, टोक तिरकं आहे, तुझ्या कटरसारखं.

मग कार्बोरेटरचं गोल झाकण फिरवून काढलं. आतली स्प्रिंग सुटून पिंपाखाली गेली, ती शोधायला अर्धा तास. तेवढ्या वेळात राजेश, आपले चाळीचे सेक्रेटरी, दुसऱ्या माळ्यावरून म्हणाले की वहिनी, कशाला धोका घेता, माझा एक मुलगा आहे ओळखीचा, त्याला बोलावतो. मी वर न बघता म्हटलं की चार लोक बघत असताना केलेल्या कामाने एकदा माझ्या मुलीचा पाय गेला आहे, ह्या वेळी कुणी बघितलं नाही तरी चालेल. गॅलरी रिकामी झाली.

स्प्रिंग दाबून धरायची आणि केबलच्या टोकाची बारीक शिशाची गोळी खाचेत बसवायची, ह्यात माझ्या अंगठ्याचं नख तुटलं. दुसरं टोक मुठीत. मूठ जरा मोकळी फिरते ना बघितलं, सोडली की टकदिशी परत जाते ना बघितलं. मग गाडी चालू केली आणि हँडल डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. चाळीस वेळा. इंजिनाचा सूर बदलला नाही.

श्रेया दारात खुर्चीवर पाय पुढे करून बसली होती. पहिल्यांदा हँडल वळवलं तेव्हा तिने दाराची चौकट धरली. शेवटपर्यंत बसून राहिली. काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मी सांगितलं तर ती म्हणेल की आई आता मामावर ढकलते. तू सांगितलंस तर ते खरं ठरेल. म्हणून तुझ्या मागे लागले आहे, दुसरं काही कारण नाही.

गाडी आता विकणार नाही.

कळावे. ह्या खेपेला लोभाचं काही मागत नाही.

रुपाली


कणकवली
१३ जानेवारी २०२५

चि. सौ. रुपाली हिस,
जयवंत याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मी वाचली. हितूने दाखवली नाहीत, मीनाक्षीने आणून दिली. त्याला सांगू नको.

गो बाय, इतका राग बरा नव्हे. घरात सण आला तरी गोडधोड झालं नाही. हितू दुकानातून येतो, जेवतो न जेवतो आणि मळ्यात जाऊन बसतो. त्याचं कुठेच लक्ष नाही. परवा गिऱ्हाइकाला पाइपाच्या जागी नळ दिला.

मी मिलमध्ये छत्तीस वर्षं फिटर होतो. कापड विणायच्या सांच्याला हात लावला की आधी तो रिकामा फिरवून बघायचा आणि मगच माणूस उभा करायचा, हे मला माझ्या मुकादमाने शिकवलं. मी हितूला अंगणात बोलावलं. त्याच्याच गाडीजवळ उभं केलं आणि विचारलं की केबल टाकल्यावर तू हँडल दोन्ही बाजूंना वळवून बघितलं होतंस काय? तो खाली बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. तो विहिरीकडे गेला आणि पंप चालू करून बसला. झाडांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

मी काय समजायचं ते समजलो. तूही समजलीस. मग आता कशाला ताणायचं? पोरीचं हाड पत्राने जुळणार नाही. तो मोठा आहे, मामा आहे. भाचीसमोर त्याची मान खाली घालायला लावू नको. तुझी आई असती तर तिने तुला हेच सांगितलं असतं. थोडे दिवस जाऊ दे, श्रेया आपोआप बोलायला लागेल. पोरं विसरतात.

मे महिन्यात दोघी या. दीपकराव तेव्हा बोटीवरून उतरलेले असतील तर तेही येतील. समोरासमोर बसलो की सगळं निवळेल.

इकडे सर्व ठीक. तुमच्या दोघींची काळजी घेत जा आणि ह्या म्हाताऱ्यावरची माया कमी करू नको.

जयवंत


लालबाग
१८ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमची तब्येत बरी असल्याचं वाचून बरं वाटलं. बाकी काहीच वाचून बरं वाटलं नाही.

दादाची मान खाली जाईल, ह्याची तुम्हाला काळजी आहे. माझी मान आठ आठवडे खाली आहे, बाबा. पाणी भरायला गेले की नळावरच्या बायका श्रेयाच्या पायाचं विचारतात आणि मग एकमेकींकडे बघतात. क्लबच्या सरांनी फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी मुलीला बसने पाठवा. माझी स्वतःची मुलगी माझ्या हातचं खाते आणि माझ्याशी बोलत नाही. ही मान तुम्हाला तिथून दिसली नाही आणि दादाची दिसली?

तुम्ही त्याला विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मिळेपर्यंत तुम्ही त्याला तिथून हलू द्यायला नको होतं. मिलमध्ये कुणी सांच्याला हात लावला आणि तो नीट न बघता सोडला, दुसऱ्या दिवशी त्यावर उभ्या असलेल्या बाईचा हात गेला, तर तुम्ही त्या फिटरला घरी बोलावून दूध प्यायला दिलं असतं का? आणि त्या बाईला सांगितलं असतं का की तू घाबरलीस म्हणून झालं?

आईचं नाव घेऊ नका. आई असती तर ती पहिल्या गाडीने कणकवलीला आली असती आणि दादाच्या हातात कागद-पेन देऊन समोर बसली असती. हे तुम्हालाही माहीत आहे.

पोरं विसरतात म्हणता. श्रेया विसरणार नाही. आईमुळे आपलं गेलं, हे घेऊन ती मोठी होईल. ती तिच्या मुलांना सांगेल. हे मी होऊ देणार नाही.

जानेवारी संपेपर्यंत दादाने तिला लिहिलं नाही, तर मे महिना, गणपती, राखी, कशालाच आमची वाट बघू नका. धमकी नाही ही. तुमच्यासमोर बसून हसून बोलणं मला जमणार नाही, म्हणून आधी कळवते.

रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्या, दुपारी नको. तुमच्यावर राग आहे आणि तो लोभाला धरूनच आहे, एवढं असू द्या मनात.

तुमची रुपाली


कणकवली
२६ जानेवारी २०२५

चि. श्रेया हिस,
मामाचे आशीर्वाद.

हे पत्र मी तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. प्रत्येक वेळी त्यात पण हा शब्द यायचा. आज आजोबा समोर खुर्ची टाकून बसले आहेत आणि लिहून होईपर्यंत उठणार नाहीत म्हणतात.

अपघात तुझ्या आईमुळे झाला नाही. माझ्यामुळे झाला.

गाडीची केबल तुटली तेव्हा आई मेकॅनिककडे द्यायची म्हणत होती. मी तिला सगळ्यांसमोर हसलो. जुनी केबल ओढून काढली, ती कुठून गेली होती हे बघितलं नाही. नवीन घालताना मागच्या बाजूने हात पोचेना. टाकी पूर्ण न काढता नुसती वर उचलून काम करत होतो, वेळ वाचवायला. म्हणून पुढून घेतली आणि पट्टीने आवळली. गाडी भिंतीला लावताना हँडल डावीकडे वळवलं तेव्हा रेस वाढली. थोडी नाही, चांगलीच वाढली. मी ऐकलं. माझा हात मुठीवर नव्हता, हेही मला कळलं.

तेव्हा पाच वाजायला आले होते. पुन्हा सगळं उघडायचं म्हणजे कणकवलीची गाडी चुकली असती. आणि वरून सगळे बघत होते, त्यांच्यासमोर चुकलं म्हणावं लागलं असतं. मी किल्ली काढली, तुझ्या आईच्या हातात दिली आणि म्हणालो की एकदम नवी झाली आहे. गाडीत बसल्यावर वाटलं की फोन करून सांगावं, उद्या चालवू नकोस. फोन हातात घेतला होता. मग वाटलं, ती उगाच बोलेल. ठेवून दिला.

सोमवारी दुपारी फोन आला तेव्हा तुझा पाय मोडला हे आधी कळलं आणि आईने चुकून रेस दिली असं सगळे म्हणतात, हे नंतर. श्रेया, मी तुला खोटं लिहिणार नाही. ते ऐकून मला सुटल्यासारखं झालं. त्याच क्षणी मी ठरवलं नाही की खोटं बोलायचं. पण खरं सांगायची वेळ होती ती मी जाऊ दिली आणि त्यानंतर रोज जाऊ दिली. उलट तुझ्या आईला मीच फोनवर म्हणालो की तू घाबरलीस. तिला ते पटेपर्यंत म्हणत राहिलो.

तुझी चाचणी हुकली ती मला परत आणून देता येत नाही. तू आईशी बोलत नाहीस असं तिने लिहिलं होतं. तो राग माझा आहे, माझ्या पत्त्यावर पाठव.

आजोबा वाचून बघतो म्हणाले. त्यांना देतो आणि पाकीट बंद करतो. लोभ ठेवावास असं लिहायला मला तोंड नाही.

हितेंद्रमामा


लालबाग
३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
श्रेयाचा नमस्कार.

पत्र लिहायची मला सवय नाही. आईने वर नमस्कार लिहायला सांगितला, बाकी माझं मी लिहितेय. तिला वाचायला देणार नाही.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. मी एकटीने वाचलं. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कुबड्या टेकवून उभी राहिले आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून ऐकलं. तुम्ही फोन हातात घेतला होता ते आलं तेव्हा तिने मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मी संपवल्यावर तिने ओले हात पुसले. मग म्हणाली की मी पण क्लच दाबायला हवा होता, ते तुला सांगायचं राहिलं होतं. म्हणजे ती इतके दिवस हे सांगायला थांबली होती. तुमच्या आधी सांगितलं असतं तर मी तेवढंच धरून बसले असते, हे तिला माहीत होतं.

मी तिला हॉस्पिटलात जे म्हटलं होतं ते परत घेतलं. नुसतं सॉरी म्हणून नाही, तेच वाक्य उलटं करून म्हटलं की आई, तू रेस दिली नाहीस, ब्रेकच मारलास. आई रडली नाही. मी रडले. खूप घाण रडले, शेजारून मावशी बघायला आल्या.

मग मी एक केलं, ते तुम्हाला आवडणार नाही. मी तुमच्या पत्राची झेरॉक्स काढून चाळीच्या नोटिसांच्या फळ्यावर लावली. पाण्याच्या वेळांची नोटीस असते, तिच्या शेजारी. आई म्हणाली की असं करू नकोस, तो माझा भाऊ आहे. मी म्हटलं की तुझ्याबद्दल सगळे बोलत होते तेव्हा कुणी विचारलं नाही की ही कुणाची बहीण आहे. राजेशकाका शनिवारी तिथे उभे राहून पूर्ण वाचत होते, चष्मा वर-खाली करत. मग आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले की आम्ही बोललो ते चुकलं. आईने त्यांना चहाही विचारला नाही. मला ते फार बरं वाटलं. काल संध्याकाळी मी कागद काढून घेतला, दोन दिवस पुरे झाले. क्लबच्या सरांनाही एक झेरॉक्स दिली आहे.

आज फिजिओथेरपीला मी आईच्या मागे बसून गेले. मला भीती वाटत होती आणि मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, मलाही वाटते. गेटमध्ये वळताना मी तिचा खांदा इतका घट्ट धरला की तिला घरी आल्यावर बाम लावावा लागला.

तुम्ही लिहिलंत की राग तुमच्या पत्त्यावर पाठव. पाठवतेय. मला तुमचा खूप राग येतो. केबल चुकीची लागली ह्याचा कमी. माझ्याकडूनही पकड चुकते, सगळ्यांकडून चुकते. पण तुम्ही नऊ आठवडे मला माझ्या आईशी भांडत ठेवलंत. मी रात्रंदिवस तिच्याकडे पाठ करून पडले होते, आणि ती मला उचलून बाथरूमला नेत होती, आणि तुम्हाला माहीत होतं. ह्याचं काय करायचं मला समजत नाही. पाय जूनमध्ये बरा होणार आहे असं डॉक्टर म्हणाले आहेत. ह्याबद्दल कुणीच काही तारीख सांगत नाही.

माफ केलं असं लिहू का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली की पत्र तुझं आहे, मनात असेल तर लिही. मनात नाही, म्हणून लिहीत नाही.

आजोबांना सांगा, त्यांचं खुर्ची टाकून बसणं मला आवडलं. त्यांना आणि मीनाक्षीमामीला नमस्कार.

ह्या पत्राला उत्तर पाठवा. मी वाचेन. उलट लिहीनच असं नाही.

तुमची भाची,
श्रेया